नखाला घाई चालत नाही



लग्नसराई आणि ईद जवळ आली की खारघरच्या पार्लरांत बसायला जागा मिळत नाही. उत्सव चौकाच्या आसपास आणि सेक्टरांच्या आतल्या रस्त्यांवर एकेका इमारतीखाली दोन-दोन पार्लर झाली आहेत. आपल्या आया-खालांच्या काळी नखे कापली आणि मेहंदी लावली की हातांची तयारी झाली. आता मॅनिक्युअर, पेडिक्युअर, जेलची नखे, चिकटवलेली नखे असे बरेच काही आले आहे. नीटनेटके राहण्यात वाईट काही नाही. आपल्या दीनमध्ये नखे कापणे हे फितरतच्या कामांत गणलेले आहे, आणि चाळीस दिवसांपेक्षा जास्त ती तशीच ठेवू नयेत अशी हदीसमध्ये ताकीद आहे. म्हणजे नखांकडे लक्ष देणे हा आपल्यासाठी केवळ शृंगाराचा विषय नाही, तहारतचाही आहे.

पण गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या तीन-चार घरांतून आमच्या कानावर एकच तक्रार आली. पार्लरमधून आल्यावर नख बिघडले आणि काही केल्या बरे होत नाही. म्हणून या वेळचे सदर नखांवर.

एका घरातील हकीकत

त्यातल्या एका भाभींची हकीकत त्यांच्या परवानगीने, नाव न घालता, येथे देत आहोत. नणंदेच्या निकाहच्या दोन दिवस आधी त्या घराजवळच्या पार्लरमध्ये गेल्या. काम करणाऱ्या मुलीने नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी लोखंडी पट्टीने मागे ढकलली आणि कात्रीने कापली. अंगठ्याला थोडे रक्त आले, कापूस लावला, विषय संपला. चौथ्या दिवशी अंगठ्याची कड लाल झाली आणि ठणकू लागली. आपण ज्याला नखुरडे म्हणतो ते झाले होते. घरच्यांनी गरम हळद-तेल बांधले, पू निघून गेला, दुखणे थांबले. कड मात्र सुजलेलीच राहिली.

पुढे मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली. तीन दिवस बरे वाटले, पुन्हा तेच. दुसरी ट्यूब, मग तिसरी. याच काळात पायाच्या अंगठ्याचे नख पिवळे आणि जाड होऊ लागले. ते दुखत नव्हते, म्हणून त्याकडे कोणी पाहिले नाही. हाताच्या नखावर भाभी दर महिन्याला मेहंदी लावत. रंग चढला की कोणी विचारत नाही, एवढाच हेतू.

घरात सासूबाई आहेत, भाभी त्यांना अम्मी म्हणतात. अम्मींना पंधरा वर्षांपासून शुगर आहे. नजर कमी झाल्यामुळे त्यांची नखे भाभीच कापत, दर जुम्याला, मोठ्या प्रेमाने. घरात नेलकटर एकच. एका जुम्याला अम्मींच्या पायाच्या बोटाला कापताना जरासे लागले. तिसऱ्या दिवशी पाऊल सुजले, ताप आला आणि त्यांना दवाखान्यात दाखल करावे लागले. अल्हम्दुलिल्लाह, चार दिवसांनी त्या बऱ्या होऊन घरी आल्या. पण डॉक्टरांनी विचारलेला एक प्रश्न भाभींच्या मनातून गेला नाही: घरात आणखी कोणाचे नख खराब आहे का?

जंतू त्या नेलकटरमधूनच गेले असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, हे डॉक्टरांनीही सांगितले. तरीही त्या प्रश्नामुळे सहा महिने मेहंदीखाली झाकलेले नख पहिल्यांदा त्वचारोगतज्ज्ञांच्या समोर आले. आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच: खराब नख झाकू नका, आधी तपासून घ्या, आणि उपचार सुरू केला की शेवटपर्यंत न्या.

सगळी बिघडलेली नखे एकसारखी नसतात

नखाची प्रत्येक तक्रार म्हणजे फंगस, असा समज पसरला आहे. त्वचारोगाची पुस्तके सांगतात की बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्म्यांतच बुरशी सापडते. म्हणून आधी फरक समजून घेऊ.

पहिला प्रकार नखुरड्याचा. नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी हे एक प्रकारचे झाकण आहे. नख आणि त्वचा यांच्या मधल्या फटीत पाणी आणि जंतू जाऊ नयेत म्हणून ते असते. पार्लरमध्ये ते कापले की दार उघडे पडते. दोन-चार दिवसांत कड लाल होते, ठणकते, पू होतो. हे काम बहुधा बॅक्टेरियाचे असते आणि वेळेवर औषध मिळाले तर लवकर बरे होते. पू साचला असेल तर तो डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा, घरी सुईने टोचू नये.

दुसरा प्रकार रेंगाळणाऱ्या नखुरड्याचा. कड सहा आठवड्यांहून जास्त काळ सुजलेली राहते आणि नखावर आडव्या रेषा उमटतात. भांडी, कपडे, फरशी यांत ज्यांचे हात दिवसभर ओले राहतात त्यांना हे जास्त होते. येथे साबण आणि ओलावा हेच मूळ कारण असते, कॅन्डिडा नावाची बुरशी नंतर येऊन बसते. हात कोरडे राहिल्याशिवाय कोणतेही औषध पुरे पडत नाही.

तिसरा प्रकार खऱ्या बुरशीचा. हा बहुधा पायाच्या अंगठ्यापासून सुरू होतो. नखाची पुढची कड पिवळसर किंवा पांढरट होते, नख जाड होते, त्याखाली भुसा साचतो, कापताना चुरा पडतो. सुरुवातीला दुखत नाही, म्हणूनच वर्षानुवर्षे दुर्लक्ष होते.

चौथा प्रकार हिरव्या नखाचा. चिकटवलेले किंवा जेलचे नख थोडे सुटले की त्याखाली पाणी साचते आणि स्यूडोमोनास नावाचा जंतू वाढतो. नखाला हिरवट-काळी झाक येते. ते बुरशीचे नसते आणि बुरशीच्या औषधाने जात नाही.

याशिवाय सोरायसिस, घट्ट बुटाचा दाब, जुना मार, यांमुळेही नख अगदी बुरशीसारखे दिसते. एखाद्या नखाखाली काळी उभी रेघ नव्याने उमटली आणि रुंद होत गेली, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे, कारण क्वचित ती गंभीर आजाराची खूण असते.

तपासणी आधी, गोळी नंतर

डोळ्यांनी पाहून डॉक्टरांना अंदाज येतो, पण औषध कित्येक आठवडे घ्यायचे असेल तर तपासणी करून घेतलेली बरी. नखाचा तुकडा आणि त्याखालचा भुसा घेऊन केओएच नावाच्या द्रावणात ठेवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बुरशीचे धागे असतील तर बहुधा त्याच दिवशी कळते. नेमकी कोणती बुरशी हे पाहायचे असेल तर कल्चर लावतात, त्याला तीन-चार आठवडे लागू शकतात. ही तपासणी महागडी नसते. कामोठ्याचे एमजीएम आणि नेरूळचे डी. वाय. पाटील या दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. खारघरहून दोन्हीकडे जाणे अवघड नाही.

तपासणीला जाताना नेलपॉलिश काढून जावे आणि त्या नखावर मेहंदी लावू नये. मेहंदीचा रंग हाताच्या नखावर चार-पाच महिने टिकतो आणि डॉक्टरांना नखाचा खरा रंग दिसत नाही. आधी कोणती मलमे लावली त्यांच्या रिकाम्या ट्यूब सोबत न्याव्यात. आपल्या भगिनी अनेकदा येथेच अडतात, कारण ट्यूबचे नाव आठवत नाही आणि सांगायची लाज वाटते. डॉक्टरांना मात्र नेमके तेच हवे असते.

मेडिकलमधून परस्पर मिळणाऱ्या बऱ्याच ट्यूबमध्ये बुरशीचे औषध, अँटिबायोटिक आणि तीव्र स्टेरॉइड असे सगळे एकत्र असते. स्टेरॉइडने लाली आणि खाज दोन दिवसांत दबते, पण बुरशी आतून वाढत राहते. आपल्या देशात गेल्या दहा-पंधरा वर्षांत नायटा इतका चिवट का झाला, याचे एक मोठे कारण म्हणून त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटना याच मलमांकडे बोट दाखवतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमांच्या चिठ्ठीशिवाय विक्रीवर बंधन आणले, तरी काउंटरवर ती अजून सहज मिळतात. रेंगाळणाऱ्या नखुरड्यासाठी डॉक्टर स्वतः कधीकधी स्टेरॉइड लिहून देतात, पण ते तपासून आणि ठराविक दिवसांसाठी. तीच ट्यूब शेजारणीने सांगितली म्हणून लावणे वेगळे.

घरगुती उपायांबद्दलही दोन शब्द. लिंबू, लसूण, व्हिनेगर, चुना, असे बरेच सुचवले जाते. चुन्याने आणि ठेचलेल्या लसणाने त्वचा भाजते, आणि भाजलेली त्वचा जंतूंना आणखी एक दार उघडून देते. खोबरेल तेल लावायला हरकत नाही, पण ते त्वचा मऊ ठेवण्यासाठी, बुरशी मारण्यासाठी नव्हे.

नख किती हळू वाढते

उपचार अर्धवट सुटण्याचे सगळ्यात मोठे कारण म्हणजे नखाचा वेग माहीत नसणे. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते, पायाचे त्याच्या निम्म्याने किंवा त्याहूनही कमी. खराब झालेले नख पुन्हा चांगले होत नाही. मुळापासून नवे नख येते आणि जुने पुढे सरकत कापले जाते. म्हणून हाताचे नख पूर्ण बदलायला सुमारे सहा महिने लागतात, आणि पायाच्या अंगठ्याचे बारा ते अठरा महिने. या रमजानमध्ये उपचार सुरू केला तर अंगठ्याचे स्वच्छ नख पुढच्या रमजानमध्ये किंवा त्याच्याही नंतर दिसेल.

बुरशी सिद्ध झाली की डॉक्टर बहुधा टर्बिनाफिनची २५० मिलिग्रॅमची गोळी देतात. ती रोज एक, हाताच्या नखांसाठी सहा आठवडे आणि पायाच्या नखांसाठी बारा आठवडे, अशी घेण्याची पद्धत आहे. काहींना इट्राकोनाझोल दिले जाते. गोळी सुरू करण्यापूर्वी यकृताची रक्ततपासणी करून घेतात. यकृताचा त्रास, गर्भारपण, अंगावर दूध पाजणे, हृदयाचा आजार किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर आधीच सांगावे, कारण त्यानुसार औषध बदलते. गोळी घेताना जेवणाची चव गेली, डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर थांबून डॉक्टरांना विचारावे. या गोळ्या जेनेरिक रूपात बऱ्याच स्वस्त मिळतात. जनऔषधी केंद्रात एकदा विचारून पाहावे.

टर्बिनाफिन दिवसातून एकदाच घ्यायची असल्यामुळे रमजानमध्ये इफ्तारनंतर किंवा सहरीला घेता येते. रोजे आहेत म्हणून महिनाभर औषध बंद ठेवण्याची गरज नाही. डॉक्टरांना आधी सांगितले की ते वेळ बसवून देतात.

गोळ्या संपल्या त्या दिवशी नख पूर्वीसारखेच कुरूप दिसते. इथेच धीर सुटतो. औषधाचा उपयोग झाला नाही असे वाटून माणूस दुसरा डॉक्टर, दुसरी ट्यूब, पुन्हा मेहंदी, या फेऱ्यात अडकतो. वास्तविक औषध नखात नंतरही काही महिने टिकून काम करत असते. पाहायचे ते मुळाकडे. तिथून स्वच्छ, गुलाबी नख येत आहे का? यासाठी सोपा उपाय असा, की दर महिन्याच्या एकाच तारखेला, एकाच खिडकीजवळ, मोबाईलवर नखाचा फोटो काढून ठेवावा. रोज पाहताना फरक दिसत नाही, तीन महिन्यांचे फोटो शेजारी ठेवले की लगेच दिसतो. चांगल्या नखाची रेघ पुढे सरकत असेल तर औषध लागू पडले आहे. सरकत नसेल तर तेच फोटो घेऊन डॉक्टरांकडे परत जावे.

भाभींच्या बाबतीत तपासणीनंतर दोन वेगळी दुखणी निघाली. हाताला रेंगाळलेले नखुरडे होते आणि पायाला बुरशी. सहा महिने दोन्हींवर एकच ट्यूब लावली जात होती, आणि ती दोन्हींसाठी चुकीची होती.

वुजू आणि औषध

आपल्या घरांत उपचार अडतो तो आणखी एका ठिकाणी, आणि इतर मासिकांत त्यावर लिहिलेले सापडत नाही. डॉक्टर म्हणतात हात कोरडा ठेवा. आपल्याला पाच वेळा वुजू करायचा असतो. मग एकतर औषध सुटते, नाहीतर मनाला टोचणी लागते.

आधी ओलाव्याचे पाहू. वुजूला दोन-तीन मिनिटे लागतात आणि पाणीही थोडे पुरते. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) एक मुद्द पाण्यात, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास, वुजू करत असे हदीसमध्ये येते. नळ धो-धो सोडणे ही आपली सवय आहे, सुन्नत नव्हे. वुजूनंतर बोटे आणि बोटांच्या मधली जागा स्वच्छ, स्वतःच्या टॉवेलने टिपून घ्यावी. पायाच्या बोटांत खिलाल करण्याची शिकवण आहेच. त्यामुळे मधली घाण निघते, आणि नंतर ती जागा पुसली की बुरशीला लागणारा ओलावाही राहत नाही. खरे नुकसान होते ते भांड्यांच्या साबणात तासतास हात बुडवण्याने. त्यासाठी आत सुती हातमोजे आणि वर रबरी हातमोजे घालावेत. आणि दुखणे बरे होईपर्यंत घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी भांडी घासली तर त्यांच्या इज्जतीला काही धक्का लागत नाही.

दुसरा प्रश्न नखावर लावायच्या औषधी लॅकरचा. अमोरोल्फिन किंवा सायक्लोपिरॉक्स ही औषधे नेलपॉलिशसारखी लावतात आणि त्यांचा पातळ थर नखावर बसतो. पाणी नखापर्यंत पोहोचत नसेल तर वुजूचे काय, असा प्रश्न अनेक भगिनींना पडतो, आणि कोणाला न विचारता त्या औषधच सोडून देतात. शृंगाराची पॉलिश आणि इलाजाचा थर यांत फरक आहे. जखमेवर पट्टी असेल आणि ती काढल्याने नुकसान होत असेल तर तिच्यावरून मसह करण्याची सवलत फिकहमध्ये आहे. तिचे तपशील मसलकानुसार वेगळे आहेत. पनवेल-रायगड भागातील कोकणी मुस्लिम बहुतेक शाफई आहेत, तर बाहेरून येऊन खारघरमध्ये स्थायिक झालेली अनेक कुटुंबे हनफी आहेत. म्हणून आपल्या मसलकाच्या आलिमांना प्रश्न नेमका विचारावा: औषधाचे नाव काय, आठवड्यातून किती वेळा लावायचे, काढल्यास काय बिघडते. डॉक्टरांनाही विचारावे, की गोळीने काम होईल का, किंवा थर न धरणारे औषध चालेल का. बऱ्याचदा पर्याय निघतो. फतवा देणे हे आमचे काम नाही. पण प्रश्न मनात दाबून औषध सोडणे योग्य नव्हे, एवढे मात्र खात्रीने म्हणतो. अल्लाहने आजार दिला तसा इलाजही दिला आहे आणि इलाज करून घ्यावा, ही प्रेषितांचीच (सल्ल.) शिकवण आहे.

घरासाठी काही नियम

नेलकटर प्रत्येकाचा वेगळा असावा. पन्नास-साठ रुपयांची वस्तू आहे, दवाखान्याच्या एका दिवसाच्या खर्चाशी तिची तुलनाच नाही. ते शक्य नसेल तर किमान शुगर असलेल्या माणसाचा वेगळा ठेवावा. वापरल्यावर साबणाने ब्रश करून धुवावा, वाळवावा, स्पिरिटने पुसावा. टॉवेल, मोजे आणि बाथरूमच्या चपलाही आपापल्या असाव्यात. मशिदीच्या वुजूखान्यातील सामाईक चपला वापरल्या तर घरी आल्यावर पाय धुऊन पुसावेत.

शुगर असलेल्यांची नखे आंघोळीनंतर मऊ असताना सरळ रेषेत कापावीत, कोपरे खोल कोरू नयेत. त्यांच्या पायाला अनेकदा संवेदना कमी असते, त्यामुळे कापलेले कळत नाही. रोज रात्री पाय उजेडात पाहण्याची सवय लावावी. लाली, सूज, गरमपणा किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, उद्यावर टाकू नये. अशा व्यक्तींनी पार्लरच्या पेडिक्युअरपासून लांबच राहावे.

खारघरमध्ये सेक्टर २२ ला टाटा मेमोरियलचे ॲक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आहे. उपचारासाठी दूरदूरहून आलेली कुटुंबे आजूबाजूला भाड्याने राहतात, काही आपली पाहुणेही असतात. किमोथेरपीच्या काळात शरीराची लढण्याची ताकद कमी होते आणि साधे नखुरडेही धोक्याचे ठरू शकते. अशा आजारी व्यक्तीची सेवा करणाऱ्याने आपल्या खराब नखाबद्दल तिथल्या डॉक्टरांना सांगावे, आणि रुग्णाची नखे कशी कापायची तेही विचारून घ्यावे.

आणि आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर खारघरच्या डोंगरावरून पाणी उतरत असते, स्टेशनपर्यंत जाताना बूट भिजतात आणि दिवसभर तेच पायात राहतात. शाळेतल्या मुलांचे कॅनव्हासचे बूट तर आठवडाभर वाळत नाहीत. शक्य असेल तर दोन जोड आलटून-पालटून वापरावेत, नाहीतर पावसाळ्यापुरत्या उघड्या सँडल घालाव्यात. मोजे रोज बदलावेत. बूट आतून वाळल्याशिवाय पुन्हा घालू नयेत.

पार्लरमध्ये काय विचारावे

पार्लरमधून रोग पसरतो ही काही फक्त आपल्या गल्लीतली गोष्ट नाही. २००० साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल येथे एकाच नेल सलूनमध्ये पेडिक्युअर केलेल्या शंभरहून अधिक ग्राहकांच्या पायांवर फोड आले, आणि ते बरे व्हायला कित्येक महिने लागले. तपासात कारण सापडले ते पाय बुडवण्याच्या टबांत. पाणी फिरवणाऱ्या जाळीच्या मागे केस आणि त्वचेचा चुरा साचला होता आणि त्यात जंतू वाढत होते. वरून टब स्वच्छ दिसत होते. पायांवरचे केस वस्तऱ्याने काढून लगेच टबात पाय घातलेल्यांना जास्त त्रास झाला. वॅक्सिंग किंवा शेव्हिंगनंतर त्याच दिवशी पेडिक्युअर करू नये, हा धडा त्यातून घेता येतो.

आपल्याकडे निळ्या दिव्याची पेटी दाखवली की ग्राहकाचे समाधान होते. पण पेटीत ठेवल्याने वापरलेली कात्री निर्जंतुक होत नाही. आधी साबण-पाण्याने घासणे आवश्यक असते, आणि खात्रीचा मार्ग म्हणजे ऑटोक्लेव्ह, ज्यात दाबाखालच्या १२१ अंश सेल्सियसच्या वाफेत हत्यारे पंधरा ते वीस मिनिटे ठेवतात. लाकडी काडी, नख घासायची कागदी पट्टी, टाचा घासायचा दगड, या वस्तू निर्जंतुक होतच नाहीत. त्या एकाच ग्राहकासाठी वापरायच्या असतात. रक्त लागलेल्या हत्यारातून हेपेटायटिस बी सुद्धा पसरू शकतो, कारण तो विषाणू शरीराबाहेर आठवडाभर टिकतो.

म्हणून सगळ्यात सोपे हे की आपला संच आपण न्यावा: नेलकटर, पट्टी, काडी, छोटा टॉवेल. नखाच्या मुळाची कातडी कापू नका, मागे ढकलूही नका, असे बसण्याआधीच सांगावे. नखाजवळ जखम असेल तर त्या दिवशी परत यावे. टबाला नवे प्लॅस्टिक लावायला सांगावे, नाहीतर पाय बुडवूच नयेत.

हे सांगताना समोरच्या मुलीचा अपमान होऊ देऊ नये. या मुली बहुतेक घरापासून दूर राहतात, दिवसाला दहा-बारा जणींचे हात-पाय हाताळतात, आणि त्यांचे स्वतःचे हात कायम ओले असतात. त्यांची नखे पाहिली तर नखुरडे बहुधा तिथेही दिसेल. हातमोजे, नव्या पट्ट्या आणि ऑटोक्लेव्ह यांवर खर्च करणे हे मालकाचे काम आहे, म्हणून प्रश्नही मालकालाच विचारावा. दहा ग्राहकांनी विचारले की अकरावीला उत्तर तयार मिळते. त्रास झालाच तर बिल, फोटो आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवावी. पार्लरची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येते आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे.

भाभींच्या हाताचा अंगठा आता बरा आहे. पायाच्या नखाची स्वच्छ रेघ अर्ध्यावर आली आहे, अजून सहा-सात महिने जातील. अम्मींचा नेलकटर वेगळ्या डबीत असतो आणि डबीवर त्यांचे नाव लिहिले आहे. मेहंदी या ईदला भाभींनी तळहातावर लावली, आजारी नखे मोकळी ठेवली. कोणी विचारले तर सरळ सांगतात की इलाज चालू आहे. त्यांच्याकडे पाहून शेजारच्या दोघी जणींनी आपापली नखे डॉक्टरांना दाखवली, त्यात एकीला बुरशी नव्हतीच, सोरायसिस निघाला.

आज इशाच्या नमाजनंतर घरातल्या सगळ्यांची हातापायांची नखे एकदा उजेडात पाहा, आधी वडीलधाऱ्यांची. अल्लाह सर्व आजारी बंधू-भगिनींना शिफा देवो. आमीन.